टॅब, दादा आणि साडेपाच हजार फूट

आपण शनिवारी गाडी काढतो, दादा विमान काढतो. नकाशा, हवामान, रस्ता, सगळं त्याच्या टॅबवर. आणि भर आकाशात तो टॅबच झोपला तर? कॅलिफोर्नियातली एक हटके वीकएण्ड ट्रिप.

'वीकएण्डला काय करता?' असं विचारलं, की आमच्या हिंजवडीतले निम्मे लोक 'झोप' म्हणतात आणि उरलेले 'लोणावळा'. माझा आतेभाऊ म्हणतो, 'विमान काढतो.' अगदी आपण 'गाडी काढतो' म्हणतो ना, तस्सं!

दादा कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. सोमवार ते शुक्रवार तो तुमच्या-माझ्यासारखाच. मीटिंग, डेडलाइन, मशीनची कॉफी. पण शनिवार उजाडला, की पालो आल्टोच्या इटुकल्या एअरपोर्टवर जाऊन चार सीटचं सेसना 172 भाड्यानं घेतो आणि भटकतो. गेल्या जुलैत कंपनीनं मला तीन आठवडे तिकडे धाडलं, तेव्हा पहिल्याच फोनवर तो म्हणाला, "शनिवार मोकळा ठेव."

आता खरी गोम पुढे आहे. निघायच्या आदल्या दिवशी नाशिकहून आत्याचा फोन आला होता. "त्याच्या त्या खेळण्यात बसायचं नाही, सांगून ठेवते!" आणि मग आवाज जरा खाली आणून, "आणि बसलीसच, तर तो नीट चालवतो का ते बघून ये." म्हणजे बसायचंही नाही आणि रिपोर्टही द्यायचा. आमच्या मॅनेजरला आत्याकडे ट्रेनिंगला पाठवायला हवं.

वजन किती? खरं सांग!

शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर दादानं टॅब काढला. मला वाटलं, सिनेमा. त्यानं पालो आल्टोपासून पूर्वेला कोलंबिया नावाच्या गावापर्यंत बोटानं एक रेघ ओढली. अॅपनं लगेच अंतर दाखवलं, सुमारे 88 सागरी मैल, म्हणजे 160 किलोमीटरच्या आसपास. वारा कुठून, किती वेळ लागेल, पेट्रोल किती जळेल, सगळं हजर. गाडीनं अडीच-तीन तास, विमानानं तासाच्या आत.

मग त्यानं विचारलं, "तुझं वजन किती?"

मी सांगितलं.

"खरं सांग."

छोट्या विमानात प्रत्येक किलोचा हिशेब असतो आणि तो किलो कुठल्या सीटवर बसलाय, यालाही महत्त्व असतं. मी चार किलो वाढवून सांगितले. आमच्या अप्रेजलमध्येसुद्धा इतकं खरं बोलायची वेळ येत नाही.

थोडी चौकशी मीही केली, आत्याची हेर म्हणून. खासगी पायलटचं लायसन्स मिळायला तिकडे कमीत कमी 40 तासांचं उड्डाण लागतं. बहुतेकांना त्याहून जास्त लागतं, दादालाही लागलं. दर 24 महिन्यांनी प्रशिक्षकासोबत उजळणी करावी लागते. आणि कुणाला सोबत न्यायचं असेल, तर मागच्या 90 दिवसांत तीनदा टेकऑफ आणि तीनदा लँडिंग केलेलं असलं पाहिजे. दादानं लॉगबुक पुढ्यात टाकलं. पाच होते. शिवाय त्याला प्रवाशांकडून भाडं घेता येत नाही. विमानाचं भाडं आणि पेट्रोल मात्र वाटून घेता येतं, आणि त्यात पायलटचा वाटा इतरांहून कमी चालत नाही. म्हणजे आपलं टीटीएमएम. कायद्यानंच!

सोळा किलोंची बॅग गेली कुठे?

दादा शिकत होता तेव्हा त्याच्या सरांकडे कपाटभर नकाशे होते. तिकडचा हवाई नकाशा म्हणजे एक भलामोठा कागद. प्रमाण 1:5,00,000. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच किलोमीटर. एकदा उघडला, की घडी परत बसत नाही. त्या इवल्याशा कॉकपिटमध्ये तो उलगडणं म्हणजे रिक्षात बसून नऊवारी नेसण्यासारखं. एअरपोर्टांच्या माहितीचं पुस्तक वेगळं, उतरण्याच्या पद्धतींचे कागद वेगळे, आणि हे सगळं ठरावीक दिवसांनी शिळं होणार. आता तर हे नकाशे दर 56 दिवसांनी नवे येतात.

2010 मध्ये आयपॅड आला आणि या सगळ्या पसाऱ्यावर एका फटक्यात पाणी फिरलं. फोरफ्लाइट नावाची कंपनी 2007 पासूनच वैमानिकांसाठी सॉफ्टवेअर करत होती. तिला जणू हव्या त्या मापाची पाटी मिळाली. 2019 मध्ये ही कंपनी बोइंगनं विकत घेतली, यावरून काय ते समजा. मोठ्या कंपन्याही मागे राहिल्या नाहीत. अमेरिकन एअरलाइन्सनं 2013 मध्ये वैमानिकांच्या 35 पौंडांच्या, म्हणजे जवळजवळ 16 किलोंच्या बॅगा काढून टाकल्या आणि आयपॅड दिले. त्या वजनामुळे जळणारं इंधन वाचलं, तेच वर्षाला चार लाख गॅलन, असं कंपनीनं सांगितलं होतं. अर्थात एप्रिल 2015 मध्ये त्याच टॅबवरचं नकाशाचं अॅप अडकलं आणि त्यांच्या बऱ्याच फ्लाइट्स उशिरा सुटल्या. कागद कधी हँग होत नाही, हे खरं.

दादासारख्या हौशी लोकांसाठी नियम साधा आहे. तिकडचं विमान खातं, एफएए, म्हणतं: कागदाऐवजी टॅब खुशाल वापरा, फक्त त्यातली माहिती ताजी हवी आणि विमानात जी यंत्रं असायलाच हवीत, त्यांची जागा टॅबनं घ्यायची नाही.

उलटी उतरंड

शनिवारी सकाळी नऊला एअरपोर्टवर पोचलो आणि बघतो तर काय, आकाशावर राखाडी पांघरूण. समुद्रावरून येणारे हे खालचे ढग तिकडे उन्हाळ्यात रोजचेच. दादा निवांत. टॅबवर हवामान बघत कॉफी पीत बसला. मी दहादा विचारलं, "निघायचं?" तो दहादा म्हणाला, "थांब." शेवटी अकरा वाजता ऊन पडलं. हा दोन तासांचा उशीर लक्षात ठेवा, पुढे महागात पडणार आहे.

मग त्यानं विमानाभोवती चक्कर मारली. पंखावर चढून टाकीत पट्टी बुडवून पेट्रोल मोजलं. खालून एका छोट्या पेल्यात थोडं काढून उन्हात धरून बघितलं, पाणी-कचरा नाही ना. निळसर रंगाचं असतं ते. मी म्हटलं, "टॅबवर दिसत नाही का किती पेट्रोल आहे?" तो म्हणाला, "टॅबला मी सांगितलंय तेवढंच माहितीय."

टॅब काचेला एका रबरी सक्शनवर चिकटवलेला, चार्जर लावलेला. खिडकीला काडेपेटीहून थोडी मोठी एक डबी. ही डबी म्हणजे टॅबचे कान. 1 जानेवारी 2020 पासून तिकडे गजबजलेल्या आकाशात उडणाऱ्या विमानांना आपला ठावठिकाणा सतत प्रसारित करावा लागतो. ही डबी तो ऐकते, जमिनीवरच्या केंद्रांकडून हवामानही पकडते आणि सगळं टॅबवर पाठवते. तेही फुकट!

धावपट्टी जेमतेम 745 मीटरची. पोटात गोळा यायच्या आत आम्ही वर होतो. उजवीकडे वळलो आणि खाली बघते तर मिठागरं. गुलाबी, विटकरी, हिरवी. डंबार्टनचा लांबलचक पूल. मी फोटो काढला आणि लगेच टॅबकडे वळले, कारण टॅबवरही तेच चाललं होतं. निळ्या खाडीवरून सरकणारं एक इवलंसं विमान आणि त्यात आपण! लाइव्ह! शपथ सांगते, खऱ्या खिडकीपेक्षा ती खिडकी जास्त आवडली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या एअरपोर्टभोवतीचं आकाश म्हणजे उलटी ठेवलेली उतरंड. तळाशी छोटं मडकं, वर मोठं, त्याच्यावर आणखी मोठं. परवानगीशिवाय त्यातल्या एकाही मडक्याला शिवायचं नाही. पूर्वी हे कागदावरच्या रेघांवरून ओळखावं लागे. आता टॅब दाखवतो, की बाबा रे, तू इथे आहेस आणि मडकं तिथे.

तेवढ्यात स्क्रीनवर एक बाण उमटला. "दादा, समोरून विमान!" मी ओरडलेच. तो बाहेर बघत म्हणाला, "कुठे?" मी स्क्रीनवर बोट ठेवलं. "तिथे नाही, बाहेर दाखव." मी बाहेर शोधलं. काहीच नाही. पंधरा-वीस सेकंदांनी डावीकडे, आमच्याहून खाली, एक पांढरा ठिपका सरकताना दिसला. "आता बघितलंस," तो म्हणाला. "मघाशी फक्त कळलं होतं."

हवामानाचंही तसंच. स्क्रीनवर पावसाचे रंगीत ढग दिसतात ते रडारचे, पण शिळे. 2012 मध्ये तिकडच्या अपघात तपास मंडळानं वैमानिकांना मुद्दाम सावध केलं होतं, की ही चित्रं प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटांपूर्वीची असू शकतात. वादळाच्या कडेनं वाट काढणाऱ्याला तेवढी मिनिटं पुरेशी घातक. 'दूर राहायला वापरायचं, फट शोधायला नाही', हा दादाचा नियम.

आणि टॅब झोपला

अल्टामाँटच्या पिवळ्या डोंगरांवरच्या पवनचक्क्या मागे पडल्या आणि सेंट्रल व्हॅली सुरू झाली. तव्यासारखी सपाट जमीन, बदामाच्या बागांचे चौकोन, कालवे. खाली पारा चाळिशीला टेकलेला. आम्ही 5,500 फुटांवर. (पूर्वेकडे जाताना विषम हजार अधिक पाचशे, पश्चिमेकडे सम हजार अधिक पाचशे, म्हणजे समोरासमोर गाठ पडत नाही. आपल्या घाटातही असं काही करा रे!) वर हवा बरी होती, पण भर दुपारचं ऊन काचेतून थेट टॅबवर. त्यात ब्राइटनेस फुल, चार्जर चालू. सकाळी नऊला निघालो असतो तर एवढं ऊन लागलंच नसतं.

एकदम स्क्रीन काळी. मधोमध सूचना: टॅब तापलाय, थंड होऊ द्या.

माझ्या मांड्यांना घाम फुटला. आत्याचं 'खेळणं' आठवलं. "दादा, नकाशा गेला!"

"नकाशा गेला, विमान आहे ना?" तो म्हणाला. आवाजात काही फरक नाही. त्यानं आधी विमानातल्या घड्याळांकडे एक नजर टाकली. उंची, वेग, दिशा. मग फोन चालू आहे का बघितलं, त्यात तेच अॅप होतं. तो फोन त्यानं सावलीत, सीटखाली ठेवला. रेडिओवर कंट्रोलर आमच्यावर लक्ष ठेवून होताच, ती सोय दादानं उडाल्यावर लगेच मागून घेतली होती. मग तो मला म्हणाला, "चार्जर काढ. काचेवरून उतरव आणि हवेच्या झडपेसमोर धर. आणि तुझ्या सीटच्या खिशात कागद आहे, तो काढ. आपण कुठे आहोत ते सांग."

मी? मला पुण्यात कोथरूडहून खराडीला जायलाही फोनवरची बाई लागते!

कागद उघडला. अर्धं कॉकपिट झाकलं गेलं. दादानं तो शांतपणे घडी घालून दिला. "मोठं काय दिसतंय ते बघ." खाली एक मोठा हायवे, उत्तर-दक्षिण. त्याला छेदून जाणारी एक नदी, दोन्ही काठांना झाडी, नागमोडी. कागदावर शोधलं. हायवे 99. नदी स्टॅनिस्लॉस. बोट ठेवलं. "इथे!" मी म्हटलं, आणि खरं सांगते, दहावीचा निकाल लागला तेव्हाही इतकं भारी वाटलं नव्हतं.

"आता नदी धर. वर गेलीस की धरण लागेल. न्यू मेलोनीस. धरणाच्या पलीकडे आपलं गाव."

पुढची पंधरा-वीस मिनिटं मी नदी धरून ठेवली. शेतं संपली, सपाट जमिनीला सुरकुत्या पडल्या, ओकची झाडं आली. मग डोंगरांच्या बोटांत शिरलेलं निळं पाणी दिसलं. तेव्हा लक्षात आलं, की पहिला अर्धा तास मी कॅलिफोर्निया बघितलाच नव्हता. मी कॅलिफोर्नियाचं चित्र बघत होते. आणि हे मी काही फक्त विमानात करत नाही.

"तुला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"बाबा कसारा घाटात काय करायचे आठवतंय?" तो म्हणाला.

आतोबा एसटीत ड्रायव्हर होते. नाशिक डेपो. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं, की गाडी हळू करायचे, काच खाली घ्यायचे आणि डोकं बाहेर काढून रस्त्याची कड बघायचे. लहानपणी आम्ही दोघं पुढच्या सीटवर बसायचो. दादा मीटरचा काटा बघायचा आणि ओरडायचा, 'बाबा, वीसच!' आतोबा म्हणायचे, 'काट्याला दिसतंय का पुढचं?' आतोबांना जाऊन सहा वर्षं झाली. विमान शिकायला दादानं त्याच वर्षी सुरुवात केली. हे मला त्या दिवशी, त्या उंचीवर कळलं.

सोन्याचं गाव

कोलंबियाला कंट्रोल टॉवर नाही. येणारा प्रत्येक जण रेडिओवर स्वतःच पुकारा करतो, 'मी इथे आहे, असा येतोय.' हॉर्न ओके प्लीजचीच हवाई आवृत्ती! डांबरी धावपट्टीशेजारी गवताचीही एक आहे. शेजारी वणवे विझवणाऱ्या विमानांचा तळ, आणि विमानाजवळ तंबू ठोकून राहायची जागा. उतरलो, विमान दोरीनं बांधलं, टॅब बॅगेत घातला आणि पंधरा-वीस मिनिटं पायी गावात.

1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि दोन वर्षांत, 1850 ला, इथे. लोंढेच्या लोंढे आले. माती इतकी धुऊन काढली, की खालचे पांढरे चुनखडीचे खडक उघडे पडले. ते आजही गावाभोवती भुतांसारखे उभे आहेत. सोनं संपलं, माणसं गेली, गाव मात्र उरलं. 1945 पासून ते सरकारी ऐतिहासिक उद्यान आहे. मुख्य रस्त्यावर गाड्यांना बंदी. घोड्यांची बग्गी, लोहाराचा भाता, वेल्स फार्गोच्या जुन्या कचेरीत सोनं तोलायचा तराजू. पोरं तसराळ्यात वाळू घोळवून सोन्याचे कण शोधत होती. आम्ही आइसक्रीम खाल्लं आणि सावलीत बसलो.

टॅब केव्हाच जागा झाला होता. परत निघायच्या आधी दादानं त्यावर एक आकडा दाखवला. गाव आहे 2,100 फुटांवर, पण 35 अंशांच्या उन्हात हवा इतकी विरळ, की विमानाला वाटतं आपण पाच हजार फुटांवर आहोत. इंजिन दमतं, धावपट्टी जास्त लागते. "निघता येईल," तो म्हणाला, "पण घाई कसली?" हाच हिशेब पूर्वी तक्ते उघडून पेन्सिलीनं करावा लागे आणि कंटाळा आला, की माणसं अंदाजावर भागवत. टॅबचा हा गुण मानला पाहिजे. संध्याकाळी साडेसहाला, ऊन कलल्यावर, उडालो. येताना टॅब काचेवर नव्हता, दादाच्या मांडीला पट्ट्यानं बांधलेला होता. त्याच्या सावलीत.

आत्याला रिपोर्ट

रात्री फोन केला. तिकडे रविवारची सकाळ. लपवण्यात अर्थ नव्हता, आत्याला आवाजावरून कळतं. सगळं सांगितलं, टॅब बंद पडला तेही.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग?"

"मग त्यानं बाहेर बघितलं. आणि मलाही बघायला लावलं."

पुन्हा शांतता. मागे कुकरची शिट्टी.

"जेवलात का?" आत्यानं विचारलं. आणि मग, "पुढच्या वर्षी तिकडे आले, तर मला जमेल का गं चढायला? गुडघा दुखतो माझा."

तुम्हालाही जायचंय?

• बे एरियात कुणी ओळखीचं पायलट नसेल, तर फ्लाइंग स्कूलची 'डिस्कव्हरी फ्लाइट' मिळते. प्रशिक्षक शेजारी असतो, थोडा वेळ विमान तुमच्या हातातही देतो.

• कोलंबियाला गाडीनंही जाता येतं. उन्हाळ्यात पाणी, टोपी आणि सकाळची वेळ.

• टॅब विकत घेताना बघा: फक्त वायफायवाल्या बहुतेक टॅबमध्ये जीपीएस नसतो. सिमकार्डवाला घ्या किंवा बाहेरून जीपीएस जोडा.

• असे टॅब साधारण 35 अंशांपर्यंतच्या हवेसाठी केलेले असतात. उन्हात काचेला चिकटवू नका. हे गाडीतही लागू! तापला तर सावली आणि वारा. फ्रीज किंवा बर्फ मुळीच नाही.

• दादाचा चेकलिस्टमधला शेवटचा मुद्दा, हातानं लिहिलेला: 'दुसरा टॅब किंवा फोन, आणि एक कागद.'